टोकेकर मॅडमचे नियम

आमच्या कॉलेजात बंद केलेली साइट उघडायला गेलं की पडद्यावर पिवळी पट्टी यायची आणि तिच्यावर लिहिलेलं असायचं : 'भिया, इधर रास्ता बंद है. काम सच्चा हो तो कमरा नंबर ग्यारह में आकर बताइए. चाय के टाइम न आएँ. टोकेकर.'

ती पट्टी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा इंदूरला येऊन मला तीनच दिवस झाले होते आणि भैयाला इथे 'भिया' म्हणतात हेही मला नवीन होतं. सांगलीहून मी इथे फार्मसी शिकवायला आलो होतो. दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी गांजाच्या पानातल्या एका रेणूची आकृती शोधत होतो, तर आकृतीऐवजी हे निमंत्रण. मी उठलो आणि खोली नंबर अकरा शोधत गेलो. दार उघडं होतं. आत चार कंप्युटर, एक घरघरणारा एसी आणि टेबलामागे पन्नाशी उलटलेल्या, बुटक्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई. बशीतल्या पोह्यांवर त्या एका बाटलीतून जीरावन मसाला शिंपडत होत्या, अगदी देवावर फुलं वाहावीत तसं.

"चाय का टाइम है," मान वर न करता त्या म्हणाल्या. "पढ़ा नहीं?"

मी माझ्या सांगलीच्या हिंदीत सांगायला लागलो. दुसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"मराठी का? मग फोकट हिंदीची हालत का करून राहिले? बसा. काय बंद झालं तुमचं?"

"गांजा," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मला नीट पाहिलं. "तिसऱ्याच दिवशी?"

आणि मग त्या हसल्या. ते हसणं मी पुढे चार वर्षं ऐकलं. आधी आवाजच यायचा नाही, फक्त खांदे हलायचे. मग एकदम कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज फुटायचा आणि कॉरिडॉरमधली मुलं थांबून बघायची. तो आवरल्यावर त्यांनी दोन ओळी टाइप केल्या, पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "झालं. फार्मसी डिपार्टमेंटला गांजा अलाऊ. बाकी कॉलेजाला नाही. खा."

पुढच्याच महिन्यात आमच्या स्टाफरूमचं छत गळायला लागलं आणि माझं टेबल 'पंधरा दिवसांसाठी' खोली अकरामध्ये ठेवलं. ते तिथेच राहिलं. म्हणून हे सगळं मला इतक्या जवळून बघायला मिळालं.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. कॉलेजातल्या कुणीही इंटरनेटवर काहीही उघडायचं म्हटलं की ती मागणी आधी खोली अकराच्या कोपऱ्यातल्या एका काळ्या मशीनकडे जायची. त्याला प्रॉक्सी म्हणतात. ते मशीन आपल्याकडची नियमांची यादी बघायचं आणि ठरवायचं, सोडायचं की अडवायचं. ती यादी टोकेकर मॅडम लिहायच्या. त्यामुळे मुलं त्यांना पाठीमागे 'रोकेकर' म्हणत. एकदा कुणीतरी दारावरच्या पाटीतल्या 'टो'चा खडूनं 'रो' केला. मी पुसायला निघालो तर म्हणाल्या, "राहू द्या ना. अक्षर छान आहे मुलाचं."

त्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. राजवाड्यामागच्या एका बोळात त्यांचं घर होतं, आणि त्या बोळातून स्कूटर बाहेर काढणं हेच आपल्या कामाचं खरं शिक्षण, असं त्या म्हणायच्या. "गाय, हातगाडी, रिक्षा, साडीवाला. कोणाला आधी सोडायचं, कोणाला थांबवायचं, कोणाला थांबवलंच तर तो काय बोलेल. सगळं तिथेच शिकले मी. कॉलेजात फक्त इंग्रजी नावं कळली."

दरवर्षी त्यांच्याकडे दोन-तीन पोरं ट्रेनिंगला यायची. त्यांना नियमांचा क्रम शिकवायची त्यांची एक पद्धत होती. त्या पोरांना थेट गेटवर न्यायच्या. तिथे रामसिंग नावाचा चौकीदार होता, भरघोस मिशांचा आणि फार गंभीर. एका वर्षी मॅडमनी त्याच्या हातात एक कागद दिला. पहिली ओळ : 'सबको आने दो.' दुसरी ओळ : 'टोकेकर को रोको.'

"रामसिंगजी, काग़ज़ ऊपर से पढ़ना. जो पहली बात लागू हो, वो करना. फिर आगे पढ़ना ही नहीं. समझे?"

"जी."

मॅडम बाहेर जाऊन आत आल्या. रामसिंगनं पहिली ओळ वाचली आणि सलाम ठोकला.

"बघितलं?" त्या पोरांना म्हणाल्या. "दुसरी ओळ बिचारी लिहून पडलीय, तिला कोणी विचारलंच नाही. आता उलटा करा." कागद उलट्या क्रमानं लिहिला. मॅडम पुन्हा बाहेर गेल्या, पुन्हा आत यायला लागल्या. रामसिंगनं आडवा हात घातला. धडा संपला होता. पण रामसिंगच्या लेखी संपला नव्हता. त्याच्या हातात लेखी आदेश होता. त्यानं मॅडमना आत सोडलंच नाही. त्या हसत हसत विनवण्या करत होत्या, पोरं त्याला समजावत होती, आणि तो मिशीवर हात फिरवत म्हणत होता, "मैडम, काग़ज़ बदलवाओ. नाम लिखा है आपका." शेवटी प्रिन्सिपॉल दुबेजींची गाडी आली आणि त्यांच्या सहीनं टोकेकर मॅडमना कॉलेजात प्रवेश मिळाला. त्या पोरांपैकी एक जण आता बेंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर आहे. तो मला सांगत होता, नियमांचा क्रम तो आयुष्यात कधी विसरला नाही.

नियमांच्या त्या यादीत एक गंमत होती. ओळीच्या सुरुवातीला एक विशिष्ट खूण केली की मशीन ती ओळ वाचत नाही. ती फक्त माणसांसाठी असते. बाकीचे लोक तिथे तारीख वगैरे लिहितात. मॅडम तिथे मन मोकळं करायच्या. मी मागून डोकावून वाचत असे. 'हा नियम लायब्ररीसाठी. लायब्ररीवाल्यांना नकोय, पण त्यांना कळायला सहा महिने लागतील.' 'हा काढू नये. मी काढून बघितलाय. एक पूर्ण मंगळवार गेला.' 'क्रिकेटचा स्कोअर दुपारी एक ते दोन चालू. माणसं आहेत शेवटी.' आणि एका नियमावर नुसतंच : 'प्रिन्सिपॉल सरांच्या आग्रहानं. माझा विरोध इथे लिहून ठेवते.'

हा शेवटचा नियम म्हणजे जुगाराचा.

दुबेजी उंच, पांढऱ्या केसांचे, आणि मुलं बिघडत चालली आहेत या काळजीनं कायम वाकलेले असत. कुठल्याशा वसतिगृहात मुलं मॅचवर पैसे लावतात असं त्यांच्या कानावर आलं. ते तडक खोली अकरामध्ये आले. "टोकेकर जी, जिस भी पते में 'बेट' आए, सब बंद."

मॅडम म्हणाल्या, "सर, शब्दाला असं कुठेही पकडू नये. मी जुगाराच्या साइटांची यादी टाकते, एक घंट्याचं काम आहे."

"यादी में कुछ छूट जाएगा. मुझे कुछ नहीं छूटना चाहिए."

"सर, मग जे सुटायला पाहिजे ते पण नाही सुटणार."

दुबेजींनी हात जोडले. हात जोडले म्हणजे हुकूम. मॅडमनी नियम टाकला, वर विरोधाची ओळ लिहिली, आणि दुबेजींच्याच सांगण्यावरून पट्टीवर नवीन मजकूर घातला : 'जुआ विनाश की जड़ है. घर वालों का सोचिए.' मग घड्याळ बघून मला म्हणाल्या, "देशपांडेजी, चहा मागवून ठेवा. लोक येतील."

पहिल्यांदा इंग्रजीच्या बाई आल्या. एलिझाबेथच्या काळातली नाटकं उघडत नव्हती. त्यांना जुगार सोडायचा सल्ला मिळाला होता. मग भूगोलवाले आले. त्यांचा तिबेट गेला होता. एका मुलीला अल्फाबेटच्या क्रमानं नावं लावायची होती, तिला घरच्यांचा विचार करायला सांगितलं होतं. आमच्या डिपार्टमेंटचा तर बाजारच उठला, कारण निम्मी फार्मसी डायबेटिसवर चालते. मॅडम प्रत्येकाला चहा देत होत्या आणि गंभीर चेहऱ्यानं विचारत होत्या, "कधीपासून लागली ही सवय?" त्यांचे खांदे तेव्हापासूनच हलायला लागले होते.

जेवणाच्या सुट्टीनंतर दाराशी स्वतः दुबेजी उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "टोकेकर जी, मैं अपना डायबेटिस का डाइट चार्ट देख रहा था."

मॅडमनी चष्मा नाकावर घेतला. "फिर, सर? क्या आया?"

दुबेजी भिंतीकडे बघत म्हणाले, "कि घर वालों का सोचिए."

कुकरची शिट्टी फुटली. मॅडमनी टेबलावर डोकं टेकलं. माझा चहा नाकातून आला. दुबेजींनी थोडा वेळ करडा चेहरा ठेवून पाहिला, मग तेही खुर्चीत बसले आणि डोळे पुसत हसायला लागले. "सोच तो मैं घर वालों का ही रहा था," असं त्यांनी म्हटल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू. संध्याकाळपर्यंत तो नियम गेला आणि त्या जागी रीतसर यादी आली.

पण असे शब्दाला पकडणारे नियम यादीत आणखीही होते, मॅडम येण्याच्या आधीपासूनचे. त्यांच्यापैकी एकानं पुढे हसण्यासारखं काही घडवलं नाही.

किरण नावाची खरगोनकडची एक मुलगी होती, आमच्या दुसऱ्या वर्षाला. वसतिगृहात राहायची, वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. एका दुपारी ती खोली अकराच्या दाराशी आली. मॅडमनी विचारलं, "बोल बेटा, क्या बंद है?" मान खाली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं. मॅडमनी तिच्याकडे दोन क्षण पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. खोलीत तपासणीसाठी एक कंप्युटर होता, ज्याला कुठलाच नियम लागत नव्हता. त्याच्यासमोरची खुर्ची त्यांनी ओढली, पडदा भिंतीकडे वळवला आणि तिला बसवलं.

"देशपांडेजी, चला, चहा घेऊन येऊ."

"पण आत्ताच तर..."

"दुसरा घेऊ."

आम्ही कँटीनमध्ये अर्धा तास बसलो. मॅडमनी चहाला हातही लावला नाही, आणि हे मी चार वर्षांत पहिल्यांदा बघत होतो. परत आलो तर किरण तिथेच बसून रडत होती. मॅडमनी मला दारातच थांबवलं. थोड्या वेळानं स्कूटरची किल्ली घेऊन त्या बाहेर आल्या, मागे ती मुलगी. "माझ्या मैत्रिणीचा दवाखाना आहे परदेशीपुऱ्यात. आमची वाट बघू नका."

तिला छातीत गाठ लागली होती. तीन आठवडे ती फोनवर, लायब्ररीत, जिथे जमेल तिथे वाचायचा प्रयत्न करत होती, आणि वसतिगृहाचं नेटही आमच्याच मशीनमधून जात असल्यानं दर वेळी पिवळी पट्टी येत होती. शरीराच्या त्या अवयवाचं इंग्रजी नाव यादीत अश्लील म्हणून पडलेलं होतं. घरी सांगायचं धाडस नव्हतं. वॉर्डनबाईंना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तपासण्या झाल्या, चार दिवस वाट पाहिली. गाठ साधी निघाली.

ते कळलं त्या दुपारी मॅडमनी खोलीत येऊन चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "माझ्याच मशीनवर," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं ती ओळ माझ्यासमोर पडून होती. मी वाचली होती. मला वाटलं, जुनी आहे, राहू दे." मग टाइप करायला बसल्या. संध्याकाळी यादीच्या अगदी डोक्यावर नवीन नियम होता : आरोग्याच्या सगळ्या साइट सगळ्यांना, सगळ्या वेळी खुल्या. त्याच्या वर माणसांसाठीची ओळ : 'याच्या वर कोणीही काहीही लिहू नये.'

हे संस्थेच्या सचिवांच्या कानावर गेलं, तेही वेगळ्याच रूपात. टोकेकर मॅडमनी मुलींच्या वसतिगृहासाठी 'गंदी चीज़ें' खुल्या केल्या, असं. दुबेजींच्या केबिनमध्ये बैठक बोलावली गेली. सचिवसाहेब, दुबेजी, वॉर्डनबाई, मॅडम आणि इतिवृत्त लिहायला मी.

सचिव थेट मुद्द्यावर आले. "किस लड़की ने खुलवाया? और कौन-कौन लड़की क्या देखती है, मुझे नाम के साथ लिस्ट चाहिए. मशीन में सब दर्ज होता है, मुझे पता है."

"होता है," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या हातात कागद होते. त्या देतील असं मला वाटलं नव्हतं, पण कागद तर हातात होते. "पण साहेब, नियम एक आहे. यादी वरून खाली वाचतात. मधूनच मुली नाही उचलत. सबसे ऊपर मेरा नाम है. पहले वो सुनिए."

आणि त्या वाचायला लागल्या. "टोकेकर. सोमवार. 'गुडघे दुखत असताना जिना कसा उतरावा.' सोमवार. 'नवरा घोरतो उपाय.' मंगळवार. 'नवरा घोरतो दुसऱ्या खोलीत झोपले तर चालते का.' मंगळवार. 'शेव जास्त खाल्ल्याने काय होते.' मंगळवार, दोन मिनिटांनी. 'शेव जास्त खाल्ल्याने काही होत नाही.'"

वॉर्डनबाईंना हसू फुटलं. दुबेजींनी रुमाल तोंडाला लावला. मलाही आवरेना. मॅडम त्याच आवाजात वाचत होत्या.

"बुधवार. 'आई मला ओळखत नाही काय करावे.' बुधवार. 'आई मला ओळखत नाही.' बुधवार. 'आई ओळखत नाही तर रोज भेटायला जावे का.'"

दुबेजींनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला. त्यांची आई अशी आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या टेबलाला टेबल लावून मी चार वर्षं बसलो होतो.

"हे माझं," त्या म्हणाल्या. "आता दुसरं नाव वाचू?"

सचिव म्हणाले, "ये सब नाटक है. मैंने लड़कियों का माँगा है."

तेव्हा दुबेजी बोलले. हात जोडले नव्हते त्यांनी, दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले होते. "साहब, नाम नहीं जाएँगे. जब तक मैं इस कुर्सी पर हूँ, किसी का नहीं. देशपांडे जी, लिखिए. प्रिन्सिपॉल की ज़िम्मेदारी पर."

मी लिहिलं. माझं अक्षर इतकं चांगलं पुन्हा कधी आलं नाही.

बाहेर आल्यावर मी मॅडमच्या हातातले कागद मागितले. त्यांनी सहज दिले. पहिल्या पानावर त्यांचं सगळं होतं. बाकीची सहा पानं कोरी होती.

"दुसरं नाव वाचा म्हणाले असते तर?" मी विचारलं.

"तर चष्मा घरी राहिला म्हणून सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. चष्मा कपाळावर होता.

या बैठकीची किंमत त्यांना द्यावी लागली. त्या वर्षी त्या साठीच्या झाल्या. इतरांना दोन-तीन वर्षांची मुदतवाढ सहज मिळायची. त्यांच्या अर्जाला उत्तरच आलं नाही. दुबेजींनी दोनदा पत्र लिहिलं, काही उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवशी मुलांनी खोली अकराच्या बाहेर इतकी गर्दी केली की रामसिंगला रांग लावावी लागली. किरण खरगोनहून आईला घेऊन आली होती. मॅडम प्रत्येकाला विचारत होत्या, "काय बंद आहे तुझं? बोल पटकन, पाच वाजेपर्यंत मी आहे." आणि खरंच कुणीतरी काहीतरी सांगायचं आणि त्या खरंच उघडून द्यायच्या.

मलाही तोवर सांगलीजवळ नोकरी मिळाली होती. निघण्याआधी रंगपंचमी आली. इंदूरची रंगपंचमी ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगता येत नाही. मोठमोठ्या टँकरवर पंप लावून गेरची मिरवणूक राजवाड्यासमोरून जाते आणि रंगाचे फवारे तिसऱ्या मजल्यापर्यंत उडतात. मी एका विद्यार्थ्याच्या घरी, दुकानाच्या वरच्या गॅलरीत, पांढरा शर्ट घालून सुरक्षित उभा होतो. खाली रस्ता दिसतच नव्हता, नुसती डोकी आणि गुलालाचा ढग. ढोल असे वाजत होते की गॅलरीचा कठडा थरथरत होता.

एक टँकर आमच्या खाली येऊन अडला. वर सात-आठ जण नाचत होते आणि मधोमध, दोन्ही हातांनी पंपाचा जाड पाइप कवटाळून, एक बुटकी आकृती उभी होती. केस, चेहरा, साडी, सगळं एकच गुलाबी. बायका गेर सहसा वरून बघतात. ही टँकरवर होती. मी वाकून बघतोय तोच तिनं मान वर केली.

"देशपांडेजी!" ढोलांवरून आवाज आला. "तोंड बंद ठेवा!"

मी तोंड बंद करायच्या आत फवारा आला. मी मागे भिंतीवर आदळलो. नाकात, कानात, शर्टात, सगळीकडे थंड रंग, आणि मी ओरडत होतो आणि हसत होतो. डोळे चोळून पुन्हा कठड्याशी आलो तेव्हा टँकर हलला होता. त्या माझ्याकडे पाठ करून समोरच्या गॅलरीतल्या कुणाला तरी भिजवत होत्या, खांदे गदागदा हलत होते, आणि एक हात वर करून ड्रायव्हरला ओरडून सांगत होत्या, "चलने दो भिया, चलने दो, चलने दो!"